उन्हाळ्यातला कास : सडा सोडा, झाडी धरा

मार्चअखेरीला कासला चाललोय म्हटल्यावर साताऱ्यातले नातेवाईक हसले. यवतेश्वरच्या घाटात चहाला थांबलो, तर टपरीवाल्या काकांनीही तेच ऐकवलं, "आत्ता काय हाय हितं? फुलं गणपतीनंतर." त्यांचं चूक नाही. या दिवसांत सडा, म्हणजे कासचं उघडं कातळपठार, करपलेला असतो. जांभा खडक उघडा पडलेला, गवत तांबूस, मधेच वणव्याने काळा झालेला पट्टा. सप्टेंबरातली गर्दी आणि ऑनलाइन बुकिंग आठवलं, की ही तीच जागा यावर विश्वास बसत नाही.

फुलं मात्र असतात. ती सड्यावर नाही, सड्याच्या कडेने दरीकडे उतरणाऱ्या झाडीत शोधायची. साताऱ्याहून कास साधारण 25 किलोमीटर. पहाटे अंधारात निघा आणि उजाडताना कास तलावाच्या आसपासच्या रानात असा. साडेनऊनंतर पाखरंही सावलीला जातात आणि आपणही.

महाबळेश्वर-कास पट्ट्यातलं रान मुख्यतः अंजनी, जांभूळ आणि पिसा या झाडांचं. त्यातली अंजनी आत्ता फुललेली असते. पानं गडद, चकचकीत, आणि फांदीलाच चिकटून निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे झुबके. लांबून फांदीवर कुणी रंग सांडल्यासारखं दिसतं. खाली करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या, त्यांचा वास वळणावर आधीच येतो. उताराला धायटीची लाल फुलं. तिच्याजवळ शांत उभं राहिलं की शिंजीर येतोच. विगोर्सचा शिंजीर हा फक्त पश्चिम घाटात सापडणारा पक्षी, त्याची लाल छाती उन्हात आली की दुर्बिणीची गरज उरत नाही. जाळीत शिपाई बुलबुल तर इतके, की थोड्या वेळाने त्यांच्याकडे बघणंच सोडून देतो माणूस.

माझा सल्ला विचाराल, तर गाडीतून दहा ठिकाणं बघण्यापेक्षा फुललेला एक पांगारा किंवा काटेसावर निवडा आणि तासभर तिथेच बसा. आम्ही बामणोलीच्या उतारावर एका सावरीखाली बसलो होतो. मैना, टकाचोर, कोतवाल, हरेवा, सगळे आळीपाळीने येऊन फुलात चोच बुडवत होते. पळसमैनांचा थवा आला तेव्हा बाकीच्यांची पळापळ झाली. परतीच्या प्रवासाआधी या मैना सावर-पळसावर अशाच तुटून पडतात. एकीचं कपाळ परागांनी पिवळं झालेलं स्पष्ट दिसलं. फुलं थपकन खाली पडत होती, जाड, मांसल, आत मुंग्या. ही पडलेली फुलं खायला भेकरं येतात. आम्हाला भेकर दिसलं नाही, खालच्या झाडीतून भुंकणं तेवढं ऐकू आलं.

कुंभ्याचं झाड ठाऊक असेल तर त्याच्याखाली सकाळीच जा. फूल रात्री उमलतं आणि सकाळी केसरांची अख्खी गुलाबी कडी खाली पडलेली असते. दुपारपर्यंत ती तपकिरी होते.

बामणोलीला कोयनेचा शिवसागर या दिवसांत मागे सरकलेला असतो. उघड्या पडलेल्या काठावर गुरं चरतात, नदी सुरय पाण्यावर घिरट्या घालतात. काठाच्या खड्यांत चालताना पायाखाली बघा. टिटवी तिथेच उघड्यावर अंडी घालते आणि ती खड्यांतून वेगळी ओळखू येत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली, की आल्या वाटेने मागे फिरायचं.

गावात बरीच घरं कुलूपबंद. जावळीतली कितीतरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी कामाला. पण चैत्रात यात्रा सुरू झाल्या की तीच घरं माणसांनी भरतात, अंगणात चुली पेटतात. आम्ही गेलो तेव्हा तयारी चालली होती, एक आजी ओटा सारवता सारवता म्हणाल्या, "पाखरं काय बघताय, यात्रंला या, जेवायला या." यात्रेच्या दिवसांत जाणार असाल तर मुक्कामाची सोय आधी विचारून ठेवा. एरवीही जेवण सांगितल्याशिवाय मिळत नाही. फोन करून भाकरी-पिठलं सांगून ठेवावं.

वासोटा किल्ल्यावर जायचं असेल तर बामणोलीत वनखात्याची परवानगी आणि होडी दोन्ही सकाळीच ठरवा, ओळखपत्र जवळ ठेवा, अंधाराआधी परतावं लागतं. हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, त्यामुळे मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना बोलावणं वगैरे प्रकार नकोत. विणीच्या दिवसांत तर कुठेच नकोत. आणि या वाळलेल्या गवतात विडी-सिगारेट, चूल, काहीही पेटवू नका. पेट्रोल साताऱ्यातच भरा, रोख पैसे ठेवा, दरीत रेंज जाते. एसटी आहे, पण फेऱ्या कमी. परतीची वेळ चालक-वाहकांनाच विचारून घ्या.

वेळ असेल तर पुढे मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वर गाठा. तिथून जवळचं मांघर हे 2022 मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. घरामागे सातेरी मधमाश्यांच्या पेट्या असतात. जांभूळ, गेळा फुलले की माश्यांची लगबग बघण्यासारखी. पेटीच्या तोंडासमोर उभं न राहता बाजूने बघायचं, एवढं पाळलं तर सहसा कुणी चावत नाही. मध घेताना कुठल्या फुलावरचा ते विचारा. जांभळाचा किंचित कडवट लागतो, मला तोच आवडतो.

शनिवार-रविवारी मात्र महाबळेश्वरहून पाचगणी-वाईकडे उतरू नका, पसरणी घाटात संध्याकाळ जाईल. आल्या वाटेने केळघर घाटातूनच साताऱ्याला उतरा.