लेआउटचा तक्ता करणारी लिस्प

आमच्या ऑफिसात निम्मं काम लेआउटचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यात रस्त्यालगतचं वावर एनए (बिगरशेती) व्हायला निघालं की त्याचे प्लॉट पाडायचे आणि प्रत्येक प्लॉटचं क्षेत्रफळ नकाशावरच्या तक्त्यात भरायचं. प्लॉट पाडण्यात डोकं लागतं, मजा येते. तक्ता म्हणजे निव्वळ हमाली. पॉलिलाइनवर (प्लॉटच्या हद्दीच्या सलग रेघेवर) क्लिक करा, एरिया पाहा, टाइप करा, पुढचा प्लॉट. त्यात जमीनमालकानं 9 मीटरचा रस्ता 12 मीटरचा करायला सांगितला की सगळे आकडे पुन्हा. ही हमाली वाचवायला मी लिस्पमध्ये, म्हणजे नकाशे काढायच्या ऑटोकॅडला कामं सांगायच्या भाषेत, एक छोटा प्रोग्राम लिहिला.

मी आयटीआयचा सिव्हिल ड्राफ्ट्समन. प्रोग्रामिंग कधी शिकलो नव्हतो. ऑटोकॅडमधली ही लिस्प, म्हणजे ऑटोलिस्प, 1986 पासून आहे, आणि ती ज्या लिस्पवरून निघाली ती जॉन मॅकार्थींची भाषा 1958 ची, म्हणजे आमच्या बाबांपेक्षाही वयानं मोठी. ऑफिसातल्या माझ्या कॉम्प्युटरवर मात्र जुनं एलटी, म्हणजे ऑटोकॅडचं कमी सोयींचं रूप, होतं. एलटीमध्ये लिस्प चालायला लागली ती 2024 च्या आवृत्तीपासून, त्याआधीच्यात नाहीच. त्यामुळे काकाजींच्या (आमचे मालक, सगळे त्यांना काकाजीच म्हणतात) पूर्ण ऑटोकॅडवर, ते संध्याकाळी घरी गेले की बसायचो.

लिस्पमध्ये सगळं कंसांत लिहायचं असतं. त्या कंसांना लोक उगाच घाबरतात. एक कंस कमी पडला तर ‘मालफॉर्म्ड लिस्ट’ म्हणून ओरडते आणि थांबते, एवढंच. मला उलट ही भाषा सोपी गेली, कारण तिच्यात बिंदू म्हणजे तीन आकड्यांची यादी. ‘कार’ म्हटलं की एक्स, ‘कॅडर’ म्हटलं की वाय. एंटगेट ही आज्ञा वापरली की पॉलिलाइनची सगळी कुंडलीच समोर येते: 8 या कोडपुढे लेयर, 10 पुढे एकेक कोपरा, 42 पुढे वळणाचा बाक. रोज ज्या रेघा ओढतो त्या आतून अशा दिसतात हे पाहिल्यावर मला तरी झोप लागली नाही.

क्षेत्रफळ काढायला व्हीएलॅक्स-कर्व्ह-गेटएरिया ही तयार आज्ञा आहे, एका ओळीचं काम. खरी कसरत होती प्लॉट नंबरची. पॉलिलाइनच्या आत लिहिलेला आकडा प्रोग्रामनं स्वतः शोधायला हवा. त्यासाठी कोपऱ्यांची यादी एसएसगेटला (वस्तू निवडणाऱ्या आज्ञेला) विंडो-पॉलिगॉन, म्हणजे निवडीचं कुंपण म्हणून द्यायची, आत सापडेल तो टेक्स्ट त्या प्लॉटचा. गंमत अशी की ही निवड फक्त स्क्रीनवर दिसतं तेवढ्यावरच चालते. झूम करून एका कोपऱ्यात काम करत असाल तर बाकीचे प्लॉट बिननंबरी. म्हणून आधी झूम एक्स्टेंट्स (सगळा नकाशा स्क्रीनवर), मग निवड. तक्त्यातला मजकूर नेहमीच्या कमांडनं न लिहिता एंटमेकनं, म्हणजे वस्तू थेट ड्रॉइंगमध्ये घालणाऱ्या आज्ञेनं लिहिला. एकतर तो झटपट होतो, आणि चालू असलेला ऑब्जेक्ट स्नॅप (जवळच्या बिंदूला चिकटवणारी सोय) त्याला भलतीकडे ओढत नाही.

पण सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते बेरजेनं. 1500 चौरस फुटांचा प्लॉट म्हणजे 139.3546 चौरस मीटर. तक्त्यात छापतो 139.35. असे 40 प्लॉट असले तर कॉम्प्युटर पोटातल्या आकड्यांची बेरीज 5574.18 दाखवतो, आणि तपासणारा माणूस कॅल्क्युलेटरवर छापलेले आकडे मिळवतो तेव्हा येतात 5574.00. दोन्ही बरोबर, पण नकाशा परत येणार. काकाजी म्हणाले, “कागदावर जे दिसते त्याचीच बेरीज कर. फरक रस्त्यात टाक.” त्यांच्या हातच्या जुन्या नकाशांतही तसंच आहे: प्लॉट, ओपन स्पेस मोजायचे आणि एकूण क्षेत्रातून वजा करून उरेल तो रस्ता. मग प्रोग्राममध्ये प्रत्येक आकडा आधी दोन दशांशांवर आणला आणि नंतरच मिळवला. गणित म्हणून हे कुणाला गावठी वाटेल. मला ते शहाणपणाचं वाटतं.

जमीनमालकासाठी शेवटी एकराचा एक जास्तीचा रकाना टाकला. “हे आर-फार मले समजत नाही, एकरात सांग ना भाऊ,” हे दर दुसऱ्या माणसाचं म्हणणं. चौरस मीटरांना 4046.86 नं भागलं की झालं.

तक्ता जमल्यावर टोटल स्टेशनची (जमीन मोजायच्या यंत्राची) फाइल वाचणारी दुसरी लिस्प केली. एकेक ओळ वाचायची, स्वल्पविरामावर तोडायची, बिंदू टाकायचा. यात एक फसवं वळण आहे. काही मोजणीवाले ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर, म्हणजे एक्स) आधी देतात, काही नॉर्थिंग (उत्तरेकडचं, म्हणजे वाय). एका बाहेरच्या फाइलचा कच्चा प्रिंट शेतकऱ्याला दाखवला तर तो म्हणाला, “बापा, माही विहीर तं उगवतीले हाय. हे वरती कशी गेली?” एक्स-वायची अदलाबदल झाली की नकाशा आरशातल्यासारखा उलटतो, पण क्षेत्रफळ तेच राहतं. म्हणजे सातबाराशी आकडा जुळला तरी नकाशा चूक असू शकतो. आता लिस्प आधी क्रम विचारते, आणि मी विहीर विचारतो.

आर्णीच्या एका मित्रानं दोन्ही फाइली मागितल्या. पाठवताना त्याला म्हटलं, माझी असली तरी आधी नोटपॅडमध्ये उघडून वाच, मगच अ‍ॅपलोड कर, म्हणजे ऑटोकॅडमध्ये चढव. ड्रॉइंगच्या फोल्डरसोबत अ‍ॅकॅड.एलएसपी नावाची आगंतुक फाइल येते आणि ड्रॉइंग उघडताच आपोआप चालते, असे व्हायरस फिरले आहेत. 2012 साली त्यातला एक ड्रॉइंगच परस्पर ईमेलनं बाहेर पाठवत होता. म्हणून विश्वासाचं एक फोल्डर ठरवायचं, तेवढंच ट्रस्टेडपाथ्समध्ये (ऑटोकॅडच्या भरवशाच्या फोल्डरांच्या यादीत) टाकायचं, आणि सिक्युअरलोड ही सुरक्षेची सेटिंग शून्यावर, म्हणजे बंद, कधी न्यायची नाही. त्यानं फाइल वाचली आणि उलट फोन केला: एकरासोबत चौरस फुटाचाही रकाना पाहिजे. तेवढं या आठवड्यात करतोय.