1409 बाइटचं कोडं सुटलं, आता टनेलचा एमटीयू टेम्प्लेटच ठरवणार

सुटलं एकदाचं! मागच्या अपडेटमधलं दुखणं आठवत असेल: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल युनिटांवर टनेल (माझ्या घरच्या हबशी, म्हणजे केंद्राशी जोडणारं वायरगार्डचं व्हीपीएन) चालू, पिंग मस्त, पण टॅलीचा बॅकअप हबवरून परत आणायला गेलं की फाइल अडकून बसायची. चाटी गल्लीतल्या दुकानांवर तेच टेम्प्लेट (सेटिंगचा साचा), तेच मायक्रोटिकचे हेक्स राउटर, आणि तिथे काही त्रास नाही. एका कारखानदारांनी विचारलं होतं, "अण्णा, पिंग जातंय तर फाइल का येईना?" प्रश्न बिनतोड होता.

एमटीयू म्हणजे लाइनवरून जाणाऱ्या एका पॅकेटची कमाल लांबी, सहसा 1500 बाइट. दुकानांना डीएचसीपीची लाइन आहे (पत्ता आपोआप मिळतो), कारखान्यांना पीपीपीओईची (युजरनेम-पासवर्डनं जोडायची), आणि पीपीपीओई 8 बाइट खातं, म्हणजे 1500 चे उरतात 1492. माझ्या घरच्या हबला आयपीव्हीफोर सीजीनॅटमागचं (अनेक ग्राहकांत वाटलेलं, बाहेरून पोहोचता न येणारं) मिळतं, म्हणून सगळ्या साइट आयपीव्हीसिक्सवरून येतात. तिथे वायरगार्डचं ओझं 80 बाइट: आयपीव्हीसिक्सचा हेडर 40, यूडीपी 8, वायरगार्डचे स्वतःचे 32. राउटरओएस (मायक्रोटिकची प्रणाली) वायरगार्डला आपणहून 1420 देतं. 1420 अधिक 80, बरोबर 1500. दुकानांत काठोकाठ बसतं, कारखान्यांत 8 बाइट जास्त होतात. आयपीव्हीसिक्समध्ये वाटेतला राउटर पॅकेट तोडत नाही, 'पॅकेट टू बिग' असा निरोप मागे धाडतो. तो निरोप हबच्या कॅप्चरमध्ये कधी दिसलाच नाही.

इथवर वाचून बरेच जण म्हणतील, साइटवर 1412 टाका, विषय संपला. टाकलं. फाइल तरी अडकलेलीच.

मग हबवरून डू-नॉट-फ्रॅगमेंट (पॅकेट तोडू नको) लावून साइज एकेक बाइटनं वाढवत पिंग केलं. 1408 जातं, 1409 जात नाही. हिशेबानं 1412 जायला हवं होतं, मधले 4 बाइट गेले कुठे? फायरवॉल पाहिली, मँगल (पॅकेटमध्ये फेरफार करणारे नियम) पाहिलं, हेक्स बदलून पाहिला. शेवटी हबच्या वॅन (इंटरनेटकडच्या) पोर्टवर स्निफर (पॅकेट टिपणारं साधन) लावून बाहेर पडणाऱ्या पॅकेटची लांबी पाहिली. आत 1408, बाहेर 1488. आत 1409, बाहेर थेट 1500. आत एक बाइट वाढला आणि बाहेर बारा!

कारण वायरगार्ड आतला डेटा 16 च्या पटीत भरून घेतं, म्हणजे वाटेत कान लावणाऱ्याला खरी लांबी सहज कळू नये. 1408 ला 16 नं पूर्ण भाग जातो, ते तसंच राहतं. 1409 ची पुढची पट 1424, पण इंटरफेसच्या एमटीयूपलीकडे वायरगार्ड भरत नाही, म्हणून 1420 वर थांबतं. वर 80 चढले की 1500. आणि इथे एमटीयू चालतो तो पाठवणाऱ्याचा. पाठवणारा होता हब, त्याच्याकडे अजून 1420 च. साइटवर काहीही लिहा, हब भरतच राहणार.

हबचा इंटरफेस 1412 केला. 1412 चं पिंग गेलं, स्निफरमध्ये नेमके 1492. टॅलीची फाइल धडाधड उतरली. लई बरं वाटलं.

आता टेम्प्लेट. प्रत्येक साइटच्या यामल फाइलीत (साइटच्या माहितीची फाइल) लाइनचा एमटीयू लिहायचा आणि जिंजानं (टेम्प्लेट भरणारं साधन) त्यातून 80 वजा करायचे, असं ठरवलं होतं. पण हे लिहिताना लक्षात येतंय की लाइनचा प्रकार फाइलीत आधीच आहे, पीपीपीओई क्लायंटचा ब्लॉक त्यावरूनच तयार होतो. मग 1492 की 1500 हेही त्यावरूनच ठरू दे. लाइन बदलली की एकच शब्द बदलायचा. हबला सगळ्या साइटमधला सर्वांत लहान आकडा, मिन फिल्टरनं. हबवर दोन वेगळे इंटरफेस ठेवायचाही विचार आला, पण दुकानांचे 8 बाइट वाचवायला तेवढा पसारा नको.

अन्सिबलच्या (राउटर आपोआप सेट करणारं साधन) राउटरओएस कलेक्शनमधलं एपीआय मॉडिफाय अजून वापरत नसाल तर घ्याच. नुसत्या कमांड ढकलल्या की नवा फायरवॉल नियम ड्रॉपच्या खाली जाऊन बसतो. या मॉड्यूलला ensure_order सांगितलं की ते क्रम राखतं. प्लेबुक (अन्सिबलची कामांची यादी) दुसऱ्यांदा चालवलं तेव्हा सगळ्या साइटवर 'चेंज्ड' शून्य. ती हिरवी यादी बराच वेळ बघत बसलो.

पुढचं काम: बदलाआधी राउटरवर शेड्युलर लावायचा, दहा मिनिटांनी जुना बॅकअप चढव म्हणून. बदलानंतर 1412 चं पिंग गेलं तरच प्लेबुक तो शेड्युलर काढेल. आधी चिंचोळी एमआयडीसीच्या युनिटांवर, साप्ताहिक सुट्टीला. गड्डा यात्रा (सिद्धेश्वराची जत्रा) संपेपर्यंत दुकानांना हात लावणार नाही. नेटबॉक्समध्ये (नेटवर्कची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) 3.5 पासून कॉन्फिग टेम्प्लेट आलीत, तिकडे जायचंय, पण ते यानंतर.

कुणाच्या पीपीपीओई लाइनवर आरएफसी 4638 (पीपीपीओईवर 1492 पेक्षा मोठा एमटीयू कसा द्यायचा ते सांगणारा दस्तऐवज) प्रमाणे पूर्ण 1500 मिळतात का? मिळत असतील तर कळवा, साइटच्या फाइलीत अपवादाची जागा आत्ताच ठेवतो.