हरवलेलं ०.११ न्यूटन

बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. सूत्र फळ्यावर लिहायचं, चार उदाहरणं सोडवायची, नववीचा तास संपला. मला एवढ्यावर भागवणं जमत नाही, म्हणून दरवर्षी ट्रॉलीचा प्रयोग घेतो. सव्वा मीटरची फळी, ५०० ग्रॅमची ट्रॉली, कप्पीवरून खाली सोडलेला दोरा आणि त्याला ५० ग्रॅमचं वजन. ओढणारं बल ०.४९ न्यूटन. पण ट्रॉलीबरोबर ते वजनही पळतं, म्हणून वस्तुमान ०.५५ किलो धरायचं. निम्मा वर्ग इथेच चुकतो. ८० सेंटिमीटरला लागणारा वेळ मोजायचा, त्यावरून त्वरण, मग गुणाकार.

यंदा वह्या तपासताना सगळ्यांचं उत्तर ०.४९. एका मुलीचं मात्र ०.३८. मी लाल गोल केला आणि शेरा मारला, ‘पुन्हा मोजा’. स्टॉपवॉचचं बटण उशिरा दाबलं असेल, असं धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. पानावर दहा वेळा मोजलेला वेळ, सरासरी १.५२ सेकंद. म्हणाली, “सर, पुन्हा मोजलं. तेवढंच येतंय. मग ०.११ न्यूटन गेलं कुठं?”

ट्रॉली काढली. चाकाच्या आसात धूळ आणि दोऱ्याचे धागे गुंतलेले. ते मुद्दाम तसंच ठेवलं. फळीचं एक टोक हळूहळू उचलत गेलो. दोरा सोडवून ट्रॉलीला हलका धक्का दिला की ती एकाच वेगानं घरंगळत राहील, इतका उतार हवा होता. पावणेतीन सेंटिमीटर उंचीवर तो मिळाला. घर्षणानं खाल्लेलं बल आता उतार भरून देत होता. वजन पुन्हा बांधलं, तिनं मोजलं: १.३५ सेकंद. गुणाकार ०.४८. तिनं ती ट्रॉली किती तरी वेळ उलटीसुलटी करून पाहिली.

मला बाकीच्या वह्या छळतायत. घर्षण सगळ्यांच्याच ट्रॉलीला होतं. सपाट फळीवर ०.४९ कुणालाच येणार नव्हतं; मुलांनी आधी उत्तर लिहिलं आणि मागे जाऊन वेळ भरला. ‘बरोबर उत्तराला’ मार्क देत आम्ही शिक्षकांनीच त्यांना हे शिकवलंय. स्टाफरूममध्ये बोललो तर एक सहकारी म्हणाले, “परीक्षेत ०.४९ च लागतं, कशाला गोंधळ घालता?” मला ते अजिबात मान्य नाही.

वर्गात सगळं सांगितलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. “सर, मग आमचे मार्क कापणार?”

वह्या अजून माझ्या कपाटात आहेत.