शेवटची गोळी झाली

आज आईचा अँटिबायोटिकचा कोर्स संपला. ताप कधीच उतरला, पण तोंडाची चव गेली आणि पोट पार बिघडलं. संध्याकाळी ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून दिली, वर चिमूटभर जिरेपूड. वाटी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाली, "आता जरा बरं वाटतंय गं." मला भरूनच आलं.

शिकागो विद्यापीठाचं २०२५ सालचं, 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातलं संशोधन आठवत होतं. अँटिबायोटिकनंतर तंतुमय, कमी चरबीचं खाणाऱ्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू लवकर सावरले. भरपूर चरबी, कमी तंतू खाणाऱ्यांचे सावरलेच नाहीत. त्यांच्या आतड्यात निरोगी उंदरांचे जिवाणू सोडले तरी रुजेनात. जिवाणूंना खायला तंतूच नाहीत तर राहणार कसे बिचारे? प्रयोग उंदरांवरचा, हे खरंच. तरी उद्यासाठी मूग भिजत घातलेत.