पेंढ्याचं पाणी

खिडकीतल्या मनीप्लांटच्या बाटलीतलं पाणी हिरवट झालंय. घरच्यांचं म्हणणं, ओतून टाक. मला मात्र त्यातला एक थेंब काचेवर घेऊन बघावासा वाटतो. दुपारी साडेतीनला, चहाच्या आधी, असलं काहीतरी सुचतं खरं.

हे खूळ शाळेतलं. प्रयोगशाळेतले मामा भाताचा पेंढा उकळून गार करायचे, त्यात तळ्याचं तांब्याभर पाणी घालायचे आणि बरणीला फडकं बांधून ठेवायचे. आठवड्याभरात वर पांढुरकी साय धरे आणि वास असा सुटे, की शेजारच्या वर्गातून निरोप येई. बाई शांतपणे म्हणायच्या, "घाण नाही रे, त्यांचा स्वयंपाक चाललाय." पेंढ्यावर जिवाणू पोसायचे, जिवाणूंवर पॅरामीशियम नावाचा एकपेशीय जीव. थेंब घ्यायचा तो सायीच्या अगदी खालचा.

मग रांग. आरशाचा मायक्रोस्कोप, एक डोळा मिटलेला, मागून ढकलाढकली. "दिसला?" "दिसला!" सगळ्यांनाच दिसायचा. खरं तर तो दिसेपर्यंत गेलेला असे. शिवाय भिंगातून सगळं उलटं. तो उजवीकडे पळाला म्हणून स्लाइड डावीकडे सारावी, तर तो कायमचाच पसार. शेवटी बाईंनी थेंबात कापसाचे चार तंतू टाकले. त्या कुंपणात सापडला. धडकायचा, जरा मागे यायचा, तोंड वळवून पुन्हा निघायचा. पोटात दोन बुडबुडे आळीपाळीने फुगत नि रिते होत. गोडं पाणी सतत आत झिरपतं, ते उपसून बाहेर टाकावं लागतं. गळक्या होडीत बसल्यासारखा जन्म सगळा. एवढा उद्योग, आणि लांबी मिलिमीटरच्या पाव भागाएवढीसुद्धा नाही.

१६७४ साली हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेवेनहूक नावाच्या कापडवाल्याने जवळच्या तळ्याचं पाणी स्वतः घासलेल्या भिंगातून पाहिलं. त्याचा मला हेवा वाटतो. आमची आकृती आदल्या दिवशीच जर्नलमध्ये काढून, नावं देऊन, बाईंची सही घेऊन तयार असायची. भिंगाखाली आम्ही फक्त ती जुळते का ते बघायचो. त्या माणसाला समोर काय येणार याची काडीची कल्पना नव्हती.

अमीबाचीही आकृती आहे माझ्या जर्नलमध्ये. टोकदार पेन्सिलीने काढलेली, छद्मपाद, म्हणजे त्याचे खोटे पाय, वगैरे सगळं जागच्या जागी. अमीबा मात्र मला आजवर दिसलेला नाही. आहे म्हणतात.