लारेडो ते लान्सिंग: स्लीपरवाल्या ट्रकचा पुढचा एक्सल जड झाला तेव्हा काय केलं

मी आणि नवरा अमेरिकेत टीम म्हणून एक्स्पेडाइटचं, म्हणजे तातडीच्या मालाचं, काम करतो. म्हणजे ते अठरा चाकी ट्रेलर नाही, आपल्याकडच्या बंद बॉडीच्या ट्रकसारखी एकाच चासीवरची गाडी, फक्त केबिनच्या मागे ९६ इंचाचं स्लीपर, त्यात बेड, फ्रिज, सिंक, खाली चासीला लटकवलेला जनरेटर आणि त्याच्यामागे २२ फुटी बॉक्स. कुठल्यातरी कारखान्याची लाइन बंद पडायची वेळ आली आणि चार-सहा पॅलेट (लाकडी पाटावर रचलेला माल) पार्ट तातडीने हवे झाले की आम्हाला फोन येतो, एक जण चालवतो, एक झोपतो, आणि गाडी थांबत नाही.

या वेळचा लोड टेक्सासात मेक्सिकोच्या सीमेवरच्या लारेडोहून मिशिगनला लान्सिंगजवळ, सोळाशे मैलांच्या आसपास. मेक्सिकोतून आलेले पार्ट माइन्स रोडवरच्या एका गोदामातून उचलायचे. सहा पॅलेट, प्रत्येकी हजार पाउंड, एकूण ६,००० पाउंड. आमची गाडी ३३,००० पासिंगची, त्यामुळे कागदावर काहीच प्रश्न नाही, गोदामवाला पण म्हणाला हलका माल आहे. फोर्कलिफ्टवाल्याने दोन-दोन करून तीन रांगा थेट पुढच्या भिंतीला चिकटवून लावल्या, सील मारलं, बाय बाय. ते लोक ट्रेलर भरायची सवय असलेले, ट्रेलरला पुढे चिकटवलं तरी मागून एक्सल सरकवता येतो. आमच्याकडे सरकवायला काहीच नाही, एक्सल आहेत तिथेच राहणार, हे त्यांच्या डोक्यात नसतं आणि त्यांचं चुकतंय असंही नाही, सांगायचं आपण.

आय-३५ हायवेला लागलो की पहिल्या ट्रकस्टॉपवर काटा करायचा हा आमचा नियम, २९ व्या मैलाजवळच्या बॉर्डर पॅट्रोलच्या (सीमेवरच्या गस्तवाल्यांच्या) चेकपोस्टच्या आधीच, कारण पुढे गेल्यावर माल हलवायला परत यायचं म्हणजे वेळेचं वाटोळं. कॅट स्केलवर (ट्रकस्टॉपवरचा वजनकाटा) पुढची चाकं पहिल्या प्लॅटफॉर्मवर, मागची दुसऱ्यावर, बटण दाबून ट्रक नंबर सांगायचा, दोघांनी गाडीतच बसायचं (आपलं वजन पण गाडीचंच वजन आहे बाबांनो). कागद आला: पुढे १२,६८०, मागे १६,३६०, एकूण २९,०४०.

एकूण वजन बघितलं तर चार हजार पाउंड जागा शिल्लक, मागच्या एक्सलला पण भरपूर शिल्लक, आणि पुढे ६८० जास्त. आमचा पुढचा एक्सल १२,००० चा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायर २९५/७५आर२२.५, लोड रेंज जी (टायर किती भार पेलतो त्याचा वर्ग), ११० पीएसआय हवेला एक टायर ६,१७५, म्हणजे जोडी १२,३५०. दोन्ही आकडे ओलांडले. इथे बरेच जण म्हणतात की सिंगल एक्सलला २०,००० पर्यंत चालतं, ते अर्धंच खरं आहे, फेडरल नियम असा की स्टिअर एक्सलला (म्हणजे पुढच्या) २०,००० किंवा बनवणाऱ्याने दिलेलं रेटिंग यातलं जे कमी असेल ते राज्याने मान्य करायचं. म्हणजे आमच्यासाठी १२,०००. आणि टायरवर लिहिलेल्यापेक्षा जास्त भार टाकून चालवणं हा वेगळा गुन्हा आहे, शिवाय पुढचा टायर फुटला तर काय होतं ते सांगायला नको. आपल्याकडे २०१८ पासून पुढच्या दोन टायरच्या एक्सलला ७ टन पास आहे, इथे आमचे १२,००० पाउंड म्हणजे साडेपाच टन पण भरत नाहीत, त्यामुळे भारतातल्या ट्रकवाल्यांशी बोलताना हे त्यांना हास्यास्पद वाटतं.

आता हिशोब, तो एकदा समजला की सगळं सोपं होतं. आमच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर ३०० इंच. माल मागच्या एक्सलच्या जितका पुढे, तितका त्याचा भाग पुढच्या एक्सलवर जातो. मालाचा मध्य एक्सलच्या ६२ इंच पुढे होता, ६,००० गुणिले ६२ भागिले ३००, म्हणजे १,२४० पाउंड पुढे. तोच माल ४८ इंच मागे सरकवला तर ९६० पाउंड पुढून कमी होतात. आणि एखादी वस्तू मागच्या एक्सलच्याही मागे गेली तर ती पुढचं वजन उचलते, सी-सॉ सारखी. लिफ्टगेटवाल्यांचा (मागे माल वर उचलायचा फळा असलेल्यांचा) पुढचा एक्सल हलका का असतो ते यावरून कळतं, त्यांचं सगळं लोखंड मागच्या टोकाला असतं.

मी कागदावर हे मांडलं, नवरा म्हणाला, "अगं पण सील आहे ना." सील स्वतःहून कधी तोडायचं नाही, कितीही घाई असली तरी. डिस्पॅचला (लोड देणाऱ्या ऑफिसला) फोन, त्यांनी गिऱ्हाइकाला फोन, परवानगी मेसेजवर लेखी घेतली, मग सील कापलं. आमच्याकडे पॅलेट जॅक (पॅलेट उचलून सरकवायची हातगाडी) असतो, नसेल तर घ्याच, या धंद्यात तो स्वतःचे पैसे लवकर वसूल करतो. मागची रांग आधी, मग मधली, मग पुढची, सगळं चार फूट मागे. एक पॅलेट जॅकवर घेतलं तर फळी कुरकुरली आणि जॅकचं चाक फळीच्या फटीत अडकलं, ते काढण्यात घाम फुटला, लारेडोच्या उन्हात बॉक्सच्या आत भट्टी असते. पुढे मोकळी जागा सोडली की ब्रेक मारल्यावर सगळं तिकडे धावणार, म्हणून पुढच्या रांगेच्या समोर भिंतीतल्या ट्रॅकला दोन लोडबार (माल अडवायचे आडवे दांडे), खाली रबराच्या मॅट, मागून पट्टे. नवीन सील, त्याचा नंबर बिल्टीवर लिहिला, फोटो पाठवला.

परत काटा: पुढे ११,७२०, मागे १७,३२०. चोवीस तासांच्या आत त्याच काट्यावर परत केलं तर फी खूप कमी लागते, बटण दाबल्यावर रीवे (परत वजन) सांगायचं, विसरलात तर पूर्ण पैसे.

पुढचा प्रवास सरळ, सॅन अँटोनिओ, डॅलस, मग आय-३० ने लिटल रॉक, आय-४० ने मेम्फिस आणि नॅशव्हिल, आय-६५ ने इंडियानापोलिस, आय-६९ ने वर. एक गोष्ट मात्र सगळ्या वाटेवर पाळली, टाकी फुल करायची नाही. डिझेल एका गॅलनला साधारण ७ पाउंड, आमच्या टाक्या पुढच्या एक्सलच्या जवळ, ५० गॅलन कमी भरलं की पुढे अडीचशेच्या आसपास हलकं होतं. पाण्याची टाकी पण तशीच, गॅलनला आठ पाउंडांच्या वर, लोड घेऊन जाताना अर्धी.

माल उतरवल्यावर आम्ही इंडियानाच्या उत्तर भागात एका वर्कशॉपला गेलो, कारण रिकाम्या गाडीचा, टाक्या फुल, दोघं आत, असा काटा आमच्याकडे होता ११,४४०. म्हणजे मालासाठी पुढे फक्त ५६० शिल्लक, हे काही धंद्याचं लक्षण नाही.

तिथल्या माणसाला आधी दोन गोष्टींना नाही म्हटलं. एक, स्प्रिंगच्या पाट्यांत एक पान वाढवणं किंवा एअरबॅग लावणं. गाडी उंच दिसते, बसलेली वाटत नाही, पण काट्यावर एक पाउंडही कमी होत नाही आणि स्टिकरवरचं रेटिंगही बदलत नाही. दुसरं, फक्त एच रेंजचे टायर टाकणं. ते ६,६१० चे असतात, चांगलेच आहेत, पण एक्सल, पाटे, हब, रिम, ब्रेक, स्टिअरिंग गिअर यातलं जे सगळ्यात कमकुवत त्याच्यावर रेटिंग ठरतं. खरंच रेटिंग वाढवायचं तर हे सगळं बदलून नवीन स्टिकर मिळवायला लागतं, चालत्या गाडीला ते परवडत नाही. नवी गाडी ऑर्डर करणाऱ्यांनी मात्र मोठ्या स्लीपरला १२,००० चा एक्सल घेऊच नये, १३,२०० किंवा १४,६०० घ्या, त्याला जुळणारे टायर घ्या.

अजून एक, जनरेटरसारख्या युनिटसाठी ५५० पाउंडांपर्यंतची सूट फेडरल कायद्यात आहे, पण ती द्यायची की नाही ते राज्यावर आणि एक्सलच्या रेटिंगला ती लागू नाही, त्यामुळे पुढच्या एक्सलसाठी तिच्यावर विसंबू नका.

आम्ही केलं ते एवढंच: ४५० पाउंडांचा जनरेटर स्लीपरखालून काढून मागच्या एक्सलच्या मागे चासीवर नेला. पुढे त्याचे ३०० पडत होते, आता उलट ९० उचलतो, ३९० चा फरक. वायरिंग आणि इंधनाची नळी लांबवायला लागली, एक्झॉस्ट बॉक्सच्या दारापासून लांब ठेवा असं सांगितलं नाहीतर डॉकवर (माल चढवायच्या फलाटावर) धूर आत येतो. साखळ्या, पट्टे, ऑइलचे कॅन, जवळजवळ २०० पाउंडांचा पसारा बाजूच्या पेटीतून मागच्या पेटीत. काटा केला, पुढे १०,८८०.

जुनी गाडी विकत घेणार असाल तर विकणाऱ्याकडून टाक्या फुल आणि दोन माणसं आत असा काट्याचा कागद मागा, तो नाही म्हणाला तर स्वतः काट्यावर घेऊन जा आणि मगच बोला.

पण १०,८८० म्हणजे सुटलो असं नाही, तेच ६,००० भिंतीला चिकटवले तर अजून १२,१२० भरतात. म्हणून आता डॉकला लागायच्या आधीच पुढच्या भिंतीपासून दोन फुटांवर लोडबार आडवा टाकून ठेवतो, आणि लारेडोला असलो तर त्यावर मोठ्या अक्षरात स्पॅनिशमध्ये "आस्ता आकी" लिहिलेला पुठ्ठा, म्हणजे इथपर्यंतच. फोर्कलिफ्टवाले हसतात, पण थांबतात.