पावती नंबर ३२७६७

जळगावच्या गोलाणी मार्केटात माझं छोटं दुकान आहे, कॉम्प्युटर रिपेरिंग आणि एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे करार. वर्षभर तेच, कुणाचा प्रिंटर कागद ओढत नाही, कुणाचा एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) उडालाय. दिवाळी झाली की मात्र जिनिंगवाल्यांचे (कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे) फोन सुरू होतात आणि त्यांना 'उद्या सकाळी येतो' सांगून चालत नाही. कापसाची गाडी आत जाताना वजनकाट्यावर भरलेली मोजतात आणि खाली होऊन बाहेर निघताना परत रिकामी मोजतात, दोन वजनांची वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचा माल. तो हिशोब ठेवणारा कॉम्प्युटर बंद पडला की आतली गाडी आत आणि बाहेरची बाहेर.

गेल्या सीझनला नोव्हेंबरात धरणगावकडच्या एका जिनिंगमधून आप्पांचा फोन आला. काटा बंद. बांभोरीचा पूल ओलांडून पाळधीपर्यंत पोचेस्तोवर चार फोन अजून. गेटवर ट्रॅक्टरची लाइन रोडला लागलेली आणि मी गाडीवरून उतरायच्या आत एक जण, "काटा कव्हय चालू व्हई भो?"

मला आधी केबलचा संशय. काट्याचा इंडिकेटर आणि कॉम्प्युटर यांच्यात नऊ पिनांची सिरीयल केबल असते, ती उंदरांना फार आवडते. पण स्क्रीनवर वजन बरोबर हलत होतं. 'नवीन वजन' दाबलं की मात्र रन-टाइम एरर ६, ओव्हरफ्लो, आणि प्रोग्रॅम गायब. 'दुसरं वजन' दाबलं तर काही नाही, नीट उघडतंय. तीनदा रिस्टार्ट केलं (आप्पांच्या समाधानासाठी, मला माहिती होतं काही होणार नाही) आणि मग प्रिंटरमध्ये अडकलेली शेवटची पावती फाडून बघितली. नंबर ३२७६७. अंगावर काटाच आला.

ज्यांनी कधी व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये कोड लिहिलाय त्यांना हा आकडा पाठ असतो. त्यात इंटिजर, म्हणजे पूर्ण आकडे ठेवायचा खण, १६ बिटचा, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात, पुढचा आकडा आला की ओव्हरफ्लो. पावती नंबर ठेवायला लाँग (त्याहून मोठा खण) घ्यायचा तर त्या लिहिणाऱ्याने इंटिजर घेतला. २०१४ ला सॉफ्टवेअर बसवलं, सीझनला साधारण तीन हजार पावत्या, बाराव्या सीझनला डबा भरला. म्हणजे हे बिघडलं नाही, हे पहिल्या दिवसापासूनच असं होतं, फक्त दिवस उगवायचा होता.

सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन लावला. तिथल्या पोराचा आवाज गोड होता. सर ते व्हर्जन एंड ऑफ लाईफ आहे, नवीन घ्या, विंडोज ११ लागेल, इंटरनेट लागेल, पैसे दरवर्षी. इथे विंडोज ७ वर चालणारं जुनं मशीन आणि काट्याच्या केबिनमध्ये मोबाईलला रेंज यायला खिडकीतून हात बाहेर काढावा लागतो. मी म्हटलं दादा, फीचर नकोत, इंटिजरचा लाँग करून एक एक्सई (प्रोग्रॅमची फाइल) मेल करा, एका शब्दाचं काम आहे. तर म्हणे जुन्या व्हर्जनमध्ये पॅच (चुकीची दुरुस्ती) देत नाही, पॉलिसी आहे. इंटिजर म्हणजे काय ते त्याला बहुतेक माहिती नसावं, त्याचा दोष नाही, त्याला कागद वाचायला बसवलेलं.

आप्पा ऐकत होते. म्हणाले, लोखंडी काटा अठरा वर्षं झाली चालतोय, दरवर्षी तपासून शिक्का मारून घेतो, मग ह्याचंच काय असं? मी त्यांना विंडोजचं सांगितलं. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, पण मे २०१७ ला फाइली अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी बंद केलेल्या एक्सपीलासुद्धा पॅच फुकट दिला, २०१९ ला दुसरं भोक सापडलं तेव्हा परत दिला. एवढंच काय, व्हीबी ६ मध्ये कोड लिहायच्या टूलचा सपोर्ट २००८ लाच बंद झाला तरी त्यात बनवलेले प्रोग्रॅम विंडोज ११ वरही चालावेत म्हणून त्याची रनटाइम (ते प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या फाइली) अजून ठेवलीय. म्हणजे ज्या पायावर हे घर बांधलं तो पाया शाबूत आणि घरवालाच म्हणतो छप्पर गळतंय तर नवीन घर घ्या.

खरं सांगायचं तर वॉनाक्रायचं उदाहरण माझ्याच अंगावर येतं. विंडोज ७ चा पॅच १४ मार्च २०१७ लाच आला होता, हल्ल्याच्या दोन महिने आधी, आणि तरी सगळ्यात जास्त मार खाल्ला तो विंडोज ७ नेच, कारण लोकांनी टाकलाच नाही. माझ्या गिऱ्हाइकांकडे ऑटो अपडेट बंद कोणी केलं? मीच. 'काटा अपडेटमध्ये अडकला' हे ऐकून वैताग आला होता.

असो. डेटाबेस ॲक्सेसची एमडीबी फाइल होती, तिला पासवर्ड, पण बसवायला आलेल्या पोराने तो कीबोर्डच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवलेला, देव त्याचं भलं करो. फाइलच्या दोन पेनड्राइव्हवर कॉप्या काढल्या. प्रोग्रॅम सगळ्यात मोठा नंबर शोधून त्यात एक मिळवतो, म्हणून जुनी टेबल वेगळ्या फाइलमध्ये हलवली आणि नंबर परत एकपासून. पण आत नऊ गाड्या होत्या, भरलेलं वजन झालेल्या, रिकामं बाकी. त्यांच्या नोंदी नवीन टेबलमध्ये घेऊन १ ते ९ नंबर दिले, आणि त्यांच्या हातातल्या पावत्यांवर जुना नंबर खोडून पेनाने नवीन टाकला. पाऊण तासात काटा चालू. आप्पांनी चहा पाजला, आठशे रुपये दिले, मी खुशीत घरी.

चौथ्या दिवशी मुनीमजींचा फोन. एरंडोलकडचे एक बाबा तीन दिवसांपासून चकरा मारतायत. टॅलीत ५ नंबरची पावती २०१४ च्या सीझनलाच चढलेली, दुसरी घेत नाही, आणि पावतीवर खाडाखोड म्हणून मुनीमजी हात लावायला तयार नाहीत. मुनीमजींचं बरोबरच होतं, खाडाखोडीची पावती मीसुद्धा घेतली नसती. मी गेलो तर बाबांनी पावती माझ्यासमोर धरली, घामाने माझी शाई पसरलेली. "मन्हा नंबर कोणी खोडा?" म्हटलं बाबा, मीच. जुन्या फाइलमधून नोंद काढून दाखवली, पावती परत छापली, पैसे त्याच दिवशी सुटले. ते काही बोलले नाहीत.

हे गाडीवर परत येताना सुचलं. 'दुसरं वजन' तर चालू होतं! रिकाम्या वजनाला नवीन नंबर लागतच नाही. अर्धा तास थांबून आतल्या नऊ गाड्या जुन्याच नंबरावर बाहेर काढल्या असत्या आणि मग टेबल हलवली असती तर एकही पावती खोडावी लागली नसती. एरर बघितली, कारण सापडलं, मी हुशार, त्या भरात.

आणि कंपनीला शिव्या देताना अजून एक आठवतं. कृषी सेवा केंद्रांसाठी मी एक बिलिंगचं सॉफ्टवेअर केलं होतं, तीसेक दुकानांत होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागला, मी नवीन व्हर्जन काढून विकलं, त्यात मला काही चुकीचं वाटत नाही, कायदा मी बदलला नव्हता. पण पारोळ्याचा एक दुकानदार त्याच्या आधीपासून सांगत होता की जुन्या बिलात राउंडिंगला एक रुपया चुकतो. ती चूक माझी होती. आणि मी त्याला तेच सांगितलं, दादा, जुनं आता बंद केलंय, नवीन घ्या. सोर्स कोड तेव्हा होता माझ्याकडे, तीन व्हर्जन सांभाळायचा कंटाळा होता, बस. नवीन काही द्यायची बळजबरी कोणावर नसावी, पण आपल्याच हातची चूक विकत घ्यायला लावणं हे मला तेव्हा धंदा वाटलं होतं.

कंपनीला मेल टाकलाय, कुठे काय बदलायचं ते सगळं लिहून. पारोळ्याला पण फोन केला. तो म्हणाला, "ते तर मी कधीच काढून टाकलं भाऊ," आणि मग विचारलं, आत्ता कसं काय आठवलं?